आधी नकाशा, मग बोट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवास पुरवणीतील इंग्लंडच्या कालव्यांवरच्या बोटसहलीचा लेख वाचला. भाडे, बिछाने, स्वयंपाकघर सगळे त्यात आले. नकाशाचा विषय मात्र ‘फोनमध्ये असतोच’ एवढ्यावर मिटवला आहे. केरळच्या हाऊसबोटीवर हे खपून गेले असते, कारण तिथे सुकाणू चालकाकडे आणि चूल आचाऱ्याकडे असते. इंग्लंडमध्ये भाड्याची नॅरोबोट (कालव्यांसाठीची अरुंद, लांबट बोट) चालवायला परवानाही लागत नाही. धक्क्यावर थोडी शिकवणी होते आणि पन्नास-साठ फुटांची बोट तुमच्या हवाली केली जाते. लॉकचे, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कप्प्याचे, दरवाजे उघडणे, टाकीत पाणी भरणे, रात्री बोट बांधणे, सगळे तुमच्याकडेच. म्हणून छापील नकाशा बोट ठरवण्याआधी घ्यावा. आठवड्यात कोणता मार्ग झेपेल ते त्यावरूनच कळते.

हिशेब सोपा आहे. बहुतेक कालव्यांवर वेगमर्यादा ताशी ४ मैल असते. काठाला बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू जावे लागते, म्हणून सरासरी ३ मैल धरावी. प्रत्येक लॉकला १० ते १५ मिनिटे. ‘फोर काउंटीज रिंग’ हा अनेक कालव्यांवरून फिरून निघालेल्या जागी परत आणणारा लोकप्रिय फेरा सुमारे ११० मैलांचा आणि ९४ लॉकांचा आहे. म्हणजे प्रवासाचे ३७ तास आणि लॉकांचे सुमारे १६ ते साडेतेवीस तास. सात रात्रींच्या भाड्यात बोट पहिल्या दिवशी दुपारी मिळते आणि शेवटच्या दिवशी सकाळी परत द्यायची असते. हाती राहतात सहा पूर्ण दिवस, आणि रोज सुमारे नऊ ते दहा तास बोट हाकावी लागते. लहान मुले किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर ही सुटी नव्हे, नोकरीच.

याच फेऱ्यात व्हीलॉक ते किड्सग्रोव्ह हे अंतर जेमतेम सात मैल आहे. फोनवर ती एक निळी रेघ दिसते आणि ‘दुपारी पोचू’ असे वाटते. त्या सात मैलांत २६ लॉक आहेत. चांगल्या मार्गदर्शिकेत प्रत्येक लॉकची खूण बाणाच्या टोकासारखी असते आणि टोक चढाकडे असते. ती टोके मोजली की सात-आठ तासांचा दिवस समोर येतो. काही ठिकाणी लॉक जोडीने, शेजारी-शेजारी बांधलेले आहेत, तिथे वेळ वाचतो. त्यापुढे हेअरकॅसल बोगदा आहे. त्यात एका वेळी एकाच दिशेने बोटी सोडतात, त्याही ठरलेल्या वेळेतच. शेवटची सोडण्याची वेळ हुकली तर मुक्काम अलीकडेच.

पुस्तकांत दोन मालिका मुख्य आहेत. कॉलिन्स प्रकाशनाच्या निकोल्सन मार्गदर्शिका क्रमांकित खंडांत येतात. चौथा खंड फोर काउंटीज आणि वेल्श कालव्यांचा आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशावर आधारलेल्या असल्याने आजूबाजूची गावे, रस्ते, रेल्वे स्टेशने नीट कळतात आणि उत्तर दिशा वर असते. तोटा असा की कालवा वळला की पानाबाहेर जातो आणि पुढचा तुकडा भलत्याच जागी सापडतो. पुस्तकाच्या उलट दिशेने निघालात तर पाने मागे-मागे चाळावी लागतात. पीअर्सनच्या ‘कॅनाल कंपॅनियन’ मालिकेत हाताने काढलेले नकाशे असतात आणि प्रत्येकावर मैल, लॉक आणि लागणारे तास लिहिलेले असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने मार्ग ठरवण्यासाठी पीअर्सन घ्यावे असे माझे मत आहे. किराणा, बस, स्टेशन यांसाठी निकोल्सन सरस आहे. खर्च झेपत असेल तर दोन्ही घ्यावीत, कारण भाड्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:५०,००० नकाशा काठावरून फिरायला जायला छान आहे, पण बोट चालवायला अपुरा पडतो. पाण्याचा नळ कुठे हे तो सांगत नाही.

पुस्तक हातात आले की आधी चार खुणा शोधाव्यात: पिण्याच्या पाण्याचा नळ, संडासाची टाकी रिकामी करण्याची सोय, पाहुण्या बोटी बांधण्याची जागा आणि बोट वळवण्याची जागा. शेवटची सर्वांत महत्त्वाची. साठ फुटी बोट अरुंद कालव्यात जागच्या जागी वळत नाही. काठात खोबण केलेली असते तिथेच ती फिरवता येते, आणि काही खोबणी लांब बोटीला पुरत नाहीत. ही लांबी पुस्तकात दर वेळी सापडेलच असे नाही. धक्क्यावर विचारून पेन्सिलीने लिहून घ्यावी. बोट बांधण्याच्या जागेची खूण श्रॉपशायर युनियन कालव्यावर विशेष पाहावी. तिथे बऱ्याच भागात पाण्याखाली दगडी कट्टा असल्याने बोट काठाला टेकत नाही. शेजारून दुसरी बोट गेली की तळ कट्ट्यावर आपटत राहतो.

आपण कुठे आहोत हे कळण्याची उत्तम खूण म्हणजे पुलाचा क्रमांक. तो पुलावर पाटीवर असतो आणि मार्गदर्शिकेतही छापलेला असतो. क्रमांक प्रत्येक कालव्यावर नव्याने सुरू होतात, म्हणून मदतीसाठी फोन करताना कालव्याचे नाव आणि पूल क्रमांक दोन्ही सांगावेत.

नवख्या कुटुंबाला फेऱ्यापेक्षा लँगोलेन कालवा बरा. हर्लस्टनपासून लँगोलेनपर्यंत सुमारे ४५ मैल आणि २१ लॉक, वाटेत १८०५ सालचा पाँटकसुल्टे जलसेतू. पण जायचे आणि यायचे तास सारखे धरू नयेत. या कालव्यातून हर्लस्टनच्या जलाशयाकडे पाणी वाहते, त्यामुळे लँगोलेनकडे जाताना प्रवाह विरुद्ध असतो आणि अरुंद भागात चांगलाच जाणवतो.

जुने पुस्तक स्वस्तात मिळाले तर घ्यावे का? लॉक, पूल, बोगदे बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले, ते हलत नाहीत. पब बंद पडतात, नळ दुसरीकडे जातात, दुकाने बदलतात. मात्र हडर्सफील्ड नॅरो कालवा २००१ साली आणि रॉचडेल कालवा २००२ साली पूर्ण लांबीने पुन्हा खुला झाला. या कालव्यांनी पेनाइन डोंगर ओलांडायचा असेल तर त्याआधीची आवृत्ती उपयोगाची नाही. प्रकाशनवर्ष पाहूनच पैसे द्यावेत.

नवीन आवृत्तीही सगळे सांगू शकत नाही. मार्च २०१८ मध्ये या फेऱ्यातल्या मिडलविच शाखा कालव्याचा बांध फुटला आणि डिसेंबरपर्यंत फोर काउंटीजचा फेरा तुटला होता. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतात. उन्हाळ्यात जलाशय आटले तरी मार्ग बंद होतात. कालव्यांची देखभाल करणारा ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ या सूचना संकेतस्थळावर देतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्या वाचून बंद जागा पुस्तकात पेन्सिलीने खोडाव्यात. फोनचा खरा उपयोग इथे आहे. सुकाणूपाशी उभे असताना तो फारसा कामाचा नाही: एक हात सुकाणूवर, पडद्यावर ऊन किंवा पाऊस. स्पायरल बांधणीचे पुस्तक उघडे राहते. पान वाऱ्याने उलटू नये म्हणून मोठा चिमटा आणि वर पारदर्शक पिशवी लावावी.

बोटीवर पुस्तक असेल या भरवशावर राहू नये. असले तरी ते जुने आणि पाने सुटलेले असू शकते, शिवाय तोवर मार्ग ठरून गेलेला असतो.

आपला,
एक वाचक