निळ्या दिव्यानंतरची चिठ्ठी मराठीतही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत मी ३१ वर्षे दिवाणजी होतो. तेवढीच वर्षे डाव्या गालात तंबाखूचा बार होता. त्यामुळे आमच्या गल्लीत तोंडतपासणीचे शिबिर लागले तेव्हा घरच्यांनी मला जवळजवळ ढकलतच नेले.

खिडक्यांना गोणपाट टांगून अंधार केला होता. डॉक्टरीणबाईंनी गाल ओढून आत निळा उजेड सोडला आणि एका खास काचेतून पाहिले. नंतर फोटो दाखवला. उजवा गाल कच्च्या कैरीसारखा हिरवा, डावीकडे मात्र बार धरायच्या जागी काजळी लागल्यासारखा डाग. चांगल्या कातडीतले कोलॅजन त्या उजेडात हिरवे चमकते, पेशी बिघडू लागल्या की चमक जाते, असे त्यांनी समजावले. माझे पाय गार पडले. मग त्यांनी आरशाच्या पाठीने ती जागा दाबली, तर काळे फिकटले. नुसत्या सुजेने रक्त साठले तरी जागा काळी दिसते, म्हणून दाबून बघायचे. पण तेवढ्याने निकाल लागत नाही. तंबाखू, सुपारी, चुना बंद करून पंधरा दिवसांनी पुन्हा या म्हणाल्या. (सुपारीने घात होतो हे मला या वयात कळले!)

माझ्यामागे शेजारच्या बाई होत्या. विड्या वळतात, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. त्यांचा डाग दाबूनही काळाच राहिला. हा दिवा कुठे बघायचे तेवढे सांगतो. कॅन्सर आहे की नाही ते तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून त्यांना बेळगावला जायची चिठ्ठी मिळाली. ती इंग्रजीत. बाईंनी रेशनच्या कागदांबरोबर डब्यात ठेवली आणि तीन आठवडे कुणाला दाखवली नाही. त्यात कुणीतरी कानात भरले की तुकडा काढला की रोग पसरतो. तसे होत नाही, हे त्या चिठ्ठीवरच दोन ओळींत मराठीत लिहिता आले असते.

शिबिरवाल्यांचे काम चांगले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण निपाणी ते बेळगाव पाऊणशे किलोमीटर, आणि हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईचा खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. तुकडा काढायची सोय महिन्यातून एकदा तरी इथल्या सरकारी दवाखान्यात करावी, चिठ्ठी कन्नडबरोबर मराठीतही द्यावी, आणि चिठ्ठी मिळालेला माणूस गेला की नाही हे आशाताईंनी घरी जाऊन विचारावे. दिवा नसला तरी अडत नाही. केरळात तिरुवनंतपुरमला प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी लोकांची तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचा निकाल २००५ साली प्रसिद्ध झाला. मग वखारीत आणि विडी कारखान्यात जाऊन तपासायला काय हरकत आहे?

शेजारच्या बाईंना येत्या सोमवारी माझी सून बेळगावला घेऊन जाते आहे. हजार विड्यांचा खाडा पडायचा तो पडू दे, म्हणाल्या, पण भाकरी बांधून नेऊ, तिथलं महाग असतंय.

— एक निवृत्त दिवाणजी, निपाणी