हत्ती एक घर सरकवणाऱ्या सरांना

सर,

बुद्धिबळात घोड्याचा फोर्क, म्हणजे एकाच घोड्याचा एकदम दोन मोहऱ्यांवर मारा, सगळेच शिकवतात. पांढरा घोडा सी७ वर, ई८ च्या राजाला शह, ए८ चा हत्ती माऱ्यात. राजा हलला की हत्ती गेला. नवशिके माना डोलावतात आणि पुढच्याच डावात तोच फोर्क खातात. तुम्ही काही न बोलता काळा हत्ती बोटाने ए८ वरून बी८ वर सरकवलात आणि विचारलंत, "आता?" आभार आहेत ते त्या एका बोटाचे.

आता घोडा पटावर कुठेही ठेवा, राजा आणि हत्ती एकदम सापडतच नाहीत. ई८ पांढरं घर, बी८ काळं. आणि घोडा स्वतः ज्या रंगावर उभा असतो, त्याच्या विरुद्ध रंगाच्याच घरांवर मारा करतो. म्हणजे समोरच्याचा घोडा आणि आपली दोन मोठी मोहरी एकाच रंगावर दिसली, की पुढच्या उडीत फोर्क बसतो का ते तपासायचं. हेही तुम्ही सांगितलं नाहीत, शिकणाऱ्याकडूनच वदवून घेतलंत. उत्तराला कितीही वेळ लागो, घोड्याला हात लावला नाहीत. ज्याला येतं त्याला गप्प बसणं किती जड जातं!

याआधीच्या शिकवणीत ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, चाली घोकून घ्यायच्या, आणि वजीर गेला की "बघून खेळ ना!" काय बघायचं, ते कोण सांगणार?

फोर्क फसतो कुठे, तेही तुम्ही लपवलं नाहीत. काळा वजीर डी८ वरच असेल तर तो सी७ चा घोडा सरळ मारतो. घोड्याला मागून जोर आहे का, ते आधी पाहायचं. हत्ती मारला म्हणूनही हिशोब संपत नाही. ए८ च्या कोपऱ्यातून घोड्याला सुटायला बी६ आणि सी७ ही दोनच घरं. बी६ वर ए७ च्या प्याद्याचा मारा. डी६ च्या काळ्या उंटाने सी७ धरलं की घोडा अडकला. पाच गुणांचा हत्ती घेऊन तीन गुणांचा घोडा दिला, नफा दोनाचाच.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात, सर. समोरच्याला बावळट न ठरवता शिकवणारी फार कमी.

पिनचा, म्हणजे हललं तर मागचं मोठं मोहरं उघडं पडतं म्हणून जखडलेल्या मोहऱ्याचा, धडा बाकी आहे. जी५ ला उंट, एफ६ ला घोडा, मागे डी८ ला वजीर, पट मांडून ठेवलाय. कुठलं मोहरं सरकवायचं ते तुम्ही ठरवा.

तुमचे,
नवशिक्यांच्या बाकावरचे