पेन्सिलीची रिकामी चौकट

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. आमची मोडीतली वही वाचून दिल्याबद्दल फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवता. तेव्हा हे सगळ्यांसमोर. आता ठेवून दाखवा.

आमच्या पणजोबांची, म्हणजे आबांची, मोडीतली वही घरात पत्र्याच्या ट्रंकेत पडून होती. आबा तारबाबू. मकरानच्या किनाऱ्यावर, आज इराणात असलेल्या जास्कच्या तारठाण्यात नोकरीला. वही 1910 च्या थंडीतली, एवढंच माहीत होतं. मोडी आमच्यापैकी कुणालाच येत नाही.

तुमच्याआधी ती वाचून घ्यायला एका गृहस्थांकडे दिली होती. आगाऊ पैसे घेतले, आठ महिने फोन उचलला नाही, आणि मग गुळगुळीत कव्हरात बांधून एक कथाच हातात ठेवली. त्यात पाचशे उंटांचा तांडा होता, तोफा होत्या आणि मध्यरात्री तलवार उपसून दरोडेखोरांना पळवून लावणारे आबा होते. आम्ही ती धाकट्या काकांच्या वास्तुशांतीला मोठ्याने वाचली. बायका रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

मला शंका आली ती आबांच्या फोटोमुळे. काडीसारखा माणूस, चष्मा, गळ्याला मफलर. तलवार?

पुढे तुमच्याकडे आले ते सगळं वाचकांना सांगत नाही. तुमचं वाचन हातात पडलं तेव्हा आधी हिरमोडच झाला. आबांची दाढ दुखत होती. पिठात किडे झाले होते. विहिरीचं पाणी खारट. आणि चौथ्या पानावर, एका रात्री ते ठाण्याच्या गच्चीवर उभे असताना दूरवरून उंट गेले. घंटांचा आवाज नव्हता, म्हणून त्यांना चोरट्या बंदुकांचा संशय आला. त्यांनी उंट मोजले, दिवा मालवला, सकाळी साहेबाला सांगितलं. बस्स.

तुम्ही समजावून सांगितलंत की मोडीत शब्द तोडत नाहीत, अनुस्वार बऱ्याचदा गाळतात, म्हणून "उट" म्हणजे उंट आणि "बदुका" म्हणजे बंदुका. आणि उंटांच्या आकड्याच्या जागी तुमच्या कागदावर काय होतं? पेन्सिलीने काढलेली एक रिकामी चौकट. शेजारी बारीक अक्षरात, "कसर लागली आहे. आकडा लागत नाही."

मी मूळ पान शेजारी ठेवून पाहिलं. चौकट पानावरच्या भोकाएवढीच होती. पट्टीने मोजली, काका. तेवढीच. भोक उजवीकडे जरा तिरकं गेलंय, तशी चौकटही तिरकी.

तिथे मी परत रडले, आणि या वेळी कुणी वाचून दाखवत नव्हतं.

त्या भोकात किती मावतं ते मग मी बसून काढलं, कारण हा विषय आता सुटेना. उंट दीडशे किलो सहज उचलतो. मार्टिनी-हेन्री रायफल जवळपास चार किलोची. प्रत्येकीमागे शंभर काडतुसं धरली तर आणखी पाच किलो. म्हणजे एका उंटावर सोळा बंदुका. भोकात वीस असेल तर सव्वातीनशे बंदुका गेल्या, दोनशे असेल तर तीन हजारांवर. एका शून्याने केवढा फरक! आणि त्या गृहस्थांनी बसल्या जागी पाचशे ठोकून दिले.

ही बंदुकांची वाट खरी होती, हे मात्र आबांच्या वहीबाहेरही सापडतं. मस्कतच्या बाजारात रायफली उघड विकल्या जायच्या. विकणारे फ्रेंच होते, तसे आपल्या कच्छचे बनियेही होते. माल बर्मिंगहॅमचा आणि बेल्जियममधल्या लिएजचा. तिथून गलबतं रात्री मकरानच्या किनाऱ्याला लागायची, आणि अफगाणिस्तानातून उंट घेऊन उतरलेले गिलजाई तो माल लादून बलुचिस्तानच्या वाळवंटातून अफगाणिस्तानातल्या हेल्मंद नदीकडे न्यायचे. पुढे तो हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे. 1897 च्या तिराह मोहिमेत तिथल्या आफ्रिदी पठाणांच्या नेमबाजीचा चटका बसल्यापासून इंग्रज सरकारचा या मालावर डोळा होता. पण मस्कतच्या सुलतानाला जकात मिळत होती आणि फ्रान्सशी जुना करार आड येत होता, त्यामुळे दुकानं बंद पाडता येईनात. म्हणून 1909 पासून ॲडमिरल स्लेडच्या आरमाराने समुद्रातच गलबतं अडवायला सुरुवात केली. 1912 साली सुलतान फैसलने हत्यारांसाठी सरकारी वखार काढली, तेव्हा कुठे मस्कतचा बाजार बसला. विकायच्या बर्मिंगहॅमनेच आणि पकडायच्याही इंग्रजांच्याच जहाजांनी! आबांनी यावर काही लिहिलेलं नाही. त्यांची दाढ दुखत होती.

तर काका, एवढ्या सगळ्या गोष्टी तुम्हालाही ठाऊक होत्या. चहा पिताना तुम्हीच मला गिलजाईंचं सांगितलंत. एखादा बरा दिसणारा आकडा घालणं तुम्हाला काय जड होतं? मला कळलंही नसतं. पैसे तेवढेच मिळाले असते, उलट मी खूश होऊन चार जणांना तुमचा नंबर दिला असता.

"लागत नाही" हे म्हणणारी माणसं मी हल्ली शोधत असते. आमच्या कोपऱ्यावरचा घड्याळजी आहे, तो "हे माझ्याच्याने होणार नाही, ताई" म्हणून घड्याळ परत देतो, पन्नास रुपयेही घेत नाही. आईच्या आजारपणात एक तरुण डॉक्टरीण होती, तिने सरळ सांगितलं की अजून नक्की कळलेलं नाही, उद्या सांगते. आईला तिचाच धीर वाटला. बाकीचे येऊन पाचशे उंट सांगून जायचे.

घरात यावर वाद झाला हेही तुमच्या कानावर घालते. चुलतभाऊ म्हणाला, तलवार काढून टाक, पण आकडा तरी राहू दे, वाचायला बरं वाटतं. धाकट्या काकांनी तर माझ्याशी दोन आठवडे अबोला धरला. त्यांच्या हॉलमध्ये अजून ती गुळगुळीत प्रत आहे.

मी मात्र तुमचं वाचन जसंच्या तसं छापायला दिलंय, घरच्यांपुरत्या चाळीस प्रती. छापखान्यातल्या मुलाचा काल दोनदा फोन आला. "मॅडम, चौथ्या पानावर काहीतरी टाकायचं राहिलंय, नुसता चौकोन दिसतोय."

म्हटलं, राहू दे. आणि जरा तिरका आहे तो, सरळ करू नकोस.

तुमची,
तारबाबूंची पणती