ताई, त्या अर्ध्या दिवसाच्या ट्रेकसाठी मनापासून थँक्यू

ताई, फोनवर थँक्यू म्हणून झालंय पण मन भरलं नाही, आणि तुम्ही जे सांगितलंत ते अजून चार जणांच्या कामी येईल म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय, रागावू नका.

मी तुम्हाला विचारलं काय होतं, तर वरून समुद्र दिसेल असा एखादा सोपा डोंगर सांगा, अर्ध्या दिवसात उरकायचंय. दुसरं कोणी असतं तर दोन नावं फेकून मोकळं झालं असतं. तुम्ही उलट मलाच प्रश्न विचारत बसलात. सोबत कोण कोण, त्यातलं सगळ्यात हळू कोण चालतं, गाडीपाशी किती वाजता परत हवंय, समुद्र कुठल्या दिशेला आहे. तेव्हा वाटलं ही बाई नाव सांगते की नाही, पण खरं सांगते, निम्मं प्लॅनिंग त्या प्रश्नांतच झालं.

सगळ्यात जास्त कामी आला तो नेस्मिथचा हिशोब. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला, पण आजही चालतो: दर 5 किलोमीटरला एक तास आणि वर दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. आमची वाट जाऊन येऊन 8 किलोमीटर, चढ 450 मीटर, म्हणजे 1 तास 36 मिनिटं आणि 45 मिनिटं, झाले की अडीच तासांच्या आत, मी खूश. तुम्ही लगेच जमिनीवर आणलंत, की हा हिशोब धडधाकट आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे, आई आणि भाचा सोबत आहेत तर दीडपट धर, वर बसायचा अर्धा तास वेगळा. झाले चार तास. मग साडेअकराला खाली यायचं तर साडेसातला चढायला सुरुवात, आणि दहा वाजले की माथा आलेला असो वा नसो, मागे फिरायचं. ही दहाची वेळ तुम्ही माझ्याकडून आदल्या दिवशीच सगळ्यांना मेसेज करून घेतलीत, ते बरं झालं, कारण वर गेल्यावर "अजून दहाच मिनिटं" म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच (आमच्यात भाऊ).

आणि साडेअकराच का, तेही तुम्ही समजावलंत. ऊन वाढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार दमट हवा आत शिरते, ती डोंगराला आपटून वर चढली की थंड होऊन तिचा ढग होतो. म्हणजे ज्या व्ह्यूसाठी एवढा घाम गाळायचा तोच दुपारपर्यंत गायब होऊ शकतो. आम्ही खाली येऊन बूट सोडत होतो तेव्हा भाच्याने वर बोट दाखवलं, दोन तासांपूर्वी आम्ही जिथे बसलो होतो तो माथा पांढऱ्यात पार गुडूप, नुसती खालची सोंड (डोंगराची खाली उतरत येणारी धार) दिसत होती.

दिशेचंही तसंच. समुद्र पश्चिमेला असेल तर सकाळचं ऊन पाठीमागून येतं आणि पाणी निळंशार दिसतं, पूर्वेला असेल तर तेच ऊन डोळ्यात आणि पाण्यावर नुसती चमक. आमचा पश्चिमेचा, त्यामुळे फोटो असे आलेत की भावाला वाटतंय त्याला कॅमेरा कळतो.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते क्षितिजाचं गणित. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, 3.57 ने गुणायचं, साधारण तेवढे किलोमीटर लांबचं क्षितिज. 100 मीटरवरून 36 किलोमीटर आणि 400 मीटरवरून 71, म्हणजे चौपट चढा तेव्हा कुठे दुप्पट लांबचं दिसणार, आणि हवेत धूसरपणा असेल तर तेही नाही. हे ऐकल्यावर माथ्याचा हट्ट आपोआप सुटतो. आई सोंडेवरच्या त्या मोकळ्या टप्प्यावर मस्त बसली, भाऊ थांबला तिच्यासोबत, मी आणि भाचा वर जाऊन आलो, आणि समुद्र तिलाही आमच्याएवढाच दिसला. ती जागासुद्धा तुम्ही नकाशावरच शोधून दिलेली, कंटूरच्या रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) जिथे लांब लांब होतात तिथे सपाटी, जिथे खेटून येतात तिथे छातीवरचा चढ.

कड्याबद्दल तुम्ही जरा जास्तच दरडावलं होतंत, तेव्हा वाटलं एवढं काय. पण बाजूने बघितल्यावर कळलं. वरून हिरवंगार गवत अगदी टोकापर्यंत, आणि खालची माती लाटा-पावसाने कोरून निघालेली, ते गवत नुसतं मुळांवर हवेत लोंबकळत होतं. त्याच्यावर उभं राहून लोक सेल्फी काढतात! आम्ही चांगले चार-पाच पावलं मागे बसलो, वाऱ्याचा झोत आला की भाच्याची सॅक धरून.

बाकी बारीकसारीक, तासाला अर्धा लिटर पाणी, मॅप आधीच डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडवर (जीपीएसला नेटवर्क लागत नाही हे मला खरंच माहीत नव्हतं), उतरताना लेस घोट्यापाशी घट्ट, घसाऱ्यावर छोटी पावलं, निघायच्या आधी घरी परतायची वेळ कळवणं, सगळं केलं. विंडचीटर उन्हाळी हवेत कशाला म्हणून घरात थोडी कुरकुर झाली, पण घामाने पाठ भिजलेली असताना धारेवरचा वारा लागला तेव्हा सगळ्यात आधी आईनेच मागून घेतलं. दुर्बीण घे म्हणालात ते मात्र नाही पटलं हं ताई, कोणी बाहेर काढलीच नाही, उगाच वजन.

तुमच्या ट्रेकिंग पोलची जोडी अजून माझ्याकडेच आहे. एकीचं रबर झिजलंय, ते नवीन बसवून रविवारी आणून देते, आणि आई विचारतेय पुढच्या वेळी तुम्ही येणार का, तिचा वेग तुम्हाला चालणार असेल तर.