त्या '३'चं पुढे काय झालं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामान बदलाला तोंड देणाऱ्या गावांच्या अभ्यासाबद्दल आपल्या अंकात वरचेवर वाचायला मिळतं. ज्यांचा अभ्यास होतो, त्यांच्यापैकी मी एक. पुरंदर तालुक्यात माझी तीन एकर अंजीर-सीताफळाची बाग आहे आणि गेल्या सहा वर्षांत आमच्या घरी तीन सर्वेक्षणं झाली.

शेवटच्या वेळी टॅब घेऊन दोन मुलं आली. पोरं गुणी होती, चहा झाल्यावर कपसुद्धा विसळून ठेवले. प्रश्न होता, 'पाणीटंचाईला तोंड देण्याची तुमची क्षमता १ ते ५ मध्ये सांगा.' आई म्हणाली, "पाच म्हंजी पाच हंडे का?" मुलं हसली, मग गडबडली आणि त्यांनी ३ टिपला. तो ३ कुठल्या तक्त्यात जाऊन बसला, देव जाणे. संस्थेला दोन पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं : अहवाल इंग्रजीत आहे आणि अनुदान देणाऱ्यांना सादर केला आहे.

विहीर मात्र मुलांनी पाहिलीच नाही. आमची विहीर सात परस, म्हणजे सात पुरुष खोल. १९७२च्या दुष्काळानंतर वडिलांनी आतून परसापरसाला तांबड्या रेघा मारल्या आणि दर अमावास्येला पाणी कितव्या रेघेला आहे ते वहीत मांडायला लागले. आता मी मांडतो. मुरूम संपला की खाली काळा पाषाण. पाणी काय ते वरच्या थरात आणि भेगांत. शेजारी तीनशे फुटांचा बोअर झाला, तेव्हा माझी चौथी रेघ चार दिवसांत उघडी पडली. राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहिरीला मनाई केली आहे. बोअरची गाडी तरीही आली, रात्रीची, तमिळनाडू पासिंगची. आवाज सगळ्या गावानं ऐकला. मीही कूस बदलून झोपलो.

घरागणिक भरलेल्या फॉर्मात हे कसं सापडणार? जमिनीखालचं पाणी एका घराचं नसतंच. विलासराव साळुंखे यांनी याच तालुक्यात, नायगावात, त्याच दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली ती हे ओळखून. पाणी जमिनीच्या हिशेबानं नाही, माणशी. डोई अर्ध्या एकराचं, घराला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आमच्या गावानं हे नियम कधी घेतले नाहीत. पहिला ऊस माझ्याच चुलत्यांनी लावला. नायगावनं घेतले, आम्ही का नाही, हे तिन्ही सर्वेक्षणांत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आई दोन तास बोलली असती.

तिकडे नगर जिल्ह्यात हिवरे बाजार गावात पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग पिकं ठरवतात. आकडा गावातच राहतो म्हणून कामाला येतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहायला काय लागतं?

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या गावाचा अभ्यास केला, तिथल्या ग्रामसभेत निष्कर्ष मराठीत वाचून दाखवल्याशिवाय संशोधनाचा शेवटचा हप्ता देऊ नये, ही अट अनुदान देणाऱ्यांनी करारातच घालावी. लोकांना उलट प्रश्न विचारू द्यावेत. त्या सभेत संशोधकांना आमच्या शिव्याही ऐकाव्या लागतील, पण त्यातच पुढच्या अभ्यासाचा विषय मिळेल.

वडिलांची वही माझ्याकडे आहे. कुणा अभ्यासकाला हवी असेल तर खुशाल न्यावी, झेरॉक्स काढावी. परत आणून देण्याचं मात्र या वेळी मी लिहून घेणार आहे.

— एक शेतकरी, ता. पुरंदर, जि. पुणे