डोळ्याला कॅमेरा म्हणू नका

मा. संपादक, सा. न.

परवाच्या पुरवणीत डोळा म्हणजे कॅमेरा असं छापलंय, ते काय पटलं नाही ओ. कॅमेऱ्यातला ठिपका शेजारच्या ठिपक्याला विचारत नाही, डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी मात्र सारख्या एकमेकींशी बोलत असतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी १२ कोटींच्या आसपास आणि मेंदूकडं जाणाऱ्या तारा (मज्जातंतू) जेमतेम १० ते १२ लाख, मग काय पाठवायचं त्याची निवड तिथंच करावी लागणार की.

एका पेशीवर उजेड पडला की मधल्या आडव्या पेशी शेजारच्यांचा आवाज जरा दाबतात, त्यामुळं कडा उठून दिसते. गंगावेशीत दूध कट्ट्यावर बघा, एकच राखाडी फडकं काळ्या म्हशीच्या पाठीवर टाकलं की उजळ वाटतं आणि चुन्याच्या भिंतीवर मळकं, फडकं तेच! (म्हशीनं टाकू दिलं तर.) हे दाबणं हार्टलाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हॉर्सशू खेकड्याच्या डोळ्यात मोजलं, त्यांना १९६७ चं नोबेल मिळालं.

आणि नुसतं दाबणंच नाही, काही शेजारणी बारीक छिद्रांतून थेट जोडलेल्या असतात, एकीनं सिग्नल सोडला की बऱ्याचदा दुसरी पण जवळपास त्याच क्षणी सोडते. पुढच्या वेळी हे छापा, कॅमेरा बास झाला.

एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर