डोकी मोजून आमचा निकाल लावू नका : रत्नागिरीच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री साहेब, नमस्कार.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून लिहितोय. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही, नायतर तुम्ही एखादी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, मंजूर कराल, नारळ फुटेल, बॅनर लागेल आणि विषय संपला.

२००१ ला आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या होती १६ लाख ९७ हजारांच्या आसपास, २०११ ला झाली १६ लाख १५ हजार. म्हणजे दहा वर्षांत ऐंशी हजारांवर माणसं कमी झाली, आणि ती पण अख्खा महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढत असताना. सिंधुदुर्गही घटला. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, आता २०२७ ला होईल तेव्हा काय आकडा येईल ते आमच्या वाडीतली कुलपं बघून कोणी पण सांगेल.

माणसं आधी पण मुंबईला जायचीच हो. पण तेव्हा बाप्या गिरणीत आणि बायको-पोरं गावात, मनीऑर्डर यायची, भात लागायचं, शाळा भरायची. ८२ च्या संपानंतर गिरण्यांचं जे झालं ते झालं, पुढच्या पिढीने नालासोपारा, विरार, दिव्याला खोल्या घेतल्या आणि बिऱ्हाडासकट गेली. आता गावात पैसा येतोय, नाही असं नाही, हायवे, रिसॉर्ट, आंबा-काजूच्या बागा, कातळावर प्लॉटिंग. पण बागेत राखणीला नेपाळी आणि चिरेखाणीवर कर्नाटकातले कामगार, आमचा पोरगा त्या पगारावर थांबत नाही आणि का थांबेल, गावात राहणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही साहेब, ज्यांच्या घरात लग्नाचा पोरगा आहे त्यांना विचारा. जी शेती पडीक आहे तिच्यात झाडी वाढली, आणि जी कोणी करतो ती वानरं आणि डुकरं खातात. सातबाऱ्यावर तीस-तीस नावं, अर्धी मयत, अर्धी मुंबईला, कर्ज काढायचं तर सह्या कोणाकोणाच्या गोळा करायच्या?

राहिलं कोण तर म्हातारी माणसं, त्यात बायका जास्त. आमच्या शेजारची आजी ऐंशीच्या पुढे आहे. रेशनला गेली की अंगठा लागत नाही, आयुष्यभर लावणी-कापणी केलेल्या हाताला रेषा राहतात कुठे. मग ओटीपी. नंबर मुलाचा, मुलगा विरार लोकलमध्ये लटकलेला, त्याने फोन उचलून ओटीपी सांगेपर्यंत इकडे मशीनची रेंज गेलेली, आजी पिशवी घेऊन परत पाखाडी चढणार. हे डिजिटल बिजिटल ठीक आहे पण घरात एक तरी तरुण माणूस आहे असं धरूनच सगळं बनवलेलं दिसतं.

माझं मेन म्हणणं पुढे आहे. सरकारचं प्रत्येक माप डोक्यावर चालतं. डोंगरी भागात आरोग्य उपकेंद्र तीन हजार लोकसंख्येला एक, शाळेचा पट वीसच्या खाली गेला की आसपासच्या शाळा एकत्र करून समूह शाळेची चर्चा, एसटीला भारमान, म्हणजे पुरेसे प्रवासी, नाही की फेरी बंद. ७५ वरच्यांना एसटी फुकट केलीत, खरंच चांगलं केलंत, पण फेरीच नसेल तर फुकट बसायचं कशात? माणसं कमी म्हणून सोयी जातात, सोयी गेल्या म्हणून उरलेली पण निघतात, आणि मग तुमचे अधिकारी सांगतात बघा लोकसंख्या घटतेय. आमदारांचं पण तेच झालं की, २००८ च्या पुनर्रचनेत जिल्ह्याचे ७ मतदारसंघ होते त्याचे ५ झाले, आमचा संगमेश्वर गेला, खेड गेला. म्हणजे आवाज काढायला पण डोकी पाहिजेत.

तर एवढंच करा, जिल्हा नियोजनच्या बैठकीत हे माप बदलायचा ठराव आणा. वाडीत साठीच्या वर किती आणि दवाखाना किती किलोमीटर, यावर नर्स, गाडी आणि औषधं ठरू देत. बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्यातून एकदा वाडीवर पोचल्या तरी अर्धी माणसं तालुक्याच्या खेपा वाचवतील. ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांना रेशन घरपोच, ओटीपी न मागता. सामाईक सातबाऱ्याची वाटपं करायला गणपतीत आणि शिमग्यात गावातच कॅम्प लावा, चाकरमानी तेव्हाच सापडतात, मे महिन्यात पण येतात पण तेव्हा ते लग्नं आणि आंब्याच्या पेट्या यातच असतात.

मोठे प्रोजेक्ट आणा नका आणू, त्यावर गावात दोन मतं आहेत आणि मी त्यात पडत नाही. पण प्रोजेक्ट यायला दहा वर्षं लागतात, मुंबई-गोवा हायवेचं आपण बघतोच आहोत, आणि आजीकडे दहा वर्षं नाहीत.

ठराव कधी आणताय ते कळवा. बैठकीला बोलावलंत तर येतो, फक्त सकाळची वेळ ठेवा, संध्याकाळी परतायला गाडी नाही.

आपला,
संगमेश्वर तालुक्यातला एक मतदार